ओळ कोठें संपते ?

छापील पुस्तक वाचतांना ओळ कोठें संपली हा प्रश्न आपल्या मनांत कधींच उद्भवत नाहीं. कागदाची कड आली कीं ओळ संपली, आणि डोळा आपोआप खालच्या ओळीच्या आरंभीं जातो. हाच प्रश्न संगणकाच्या बाबतींत विचारला तर मात्र उत्तर इतकें सोपें नाहीं. हल्लीं घरोघरीं अकरावी-बारावीचीं मुलें संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत असतात. "प्रवाहांतून एक ओळ वाच" ही आज्ञा त्यांना पहिल्या महिन्यांतच शिकवितात. आणि पुढें कित्येक वर्षें तीच आज्ञा त्यांना अधूनमधून फसवीत राहते. ती कां फसविते, आणि तिच्या फसवेपणामुळें एखाद्या माणसाचें नांव यादींतून कसें नाहींसें होऊं शकतें, हें आज सांगण्याचा माझा विचार आहे.

ज्यांनीं आपल्या घरच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या उघडून पाहिल्या असतील त्यांना यांतील मूळ गोष्ट चटकन् पटेल. पोथीच्या पानावर ओळीची लांबी पानाच्या रुंदीनें ठरते. ओवीचा एक चरण वरच्या ओळींत अर्धा, खालच्या ओळींत अर्धा. प्रसंगीं एकच शब्द दोन ओळींत विभागलेला. पोथी नकलणारा कागद फुकट घालवीत नसे. तरीही वाचणारा अडत नाहीं, कारण ओवी संपली कीं तेथें दोन उभ्या रेघा आणि बहुधा ओवीचा आंकडा असतो. म्हणजे पोथींत ओळी दोन प्रकारच्या आहेत. एक डोळ्यांना दिसणारी. ती कागदाच्या कडेनें संपते. दुसरी अर्थाची, ती चिन्हानें संपते. संगणक ज्या वस्तूला ओळ म्हणतो ती या दुसऱ्या जातीची होय. पडद्यावर एखादा मजकूर चार ओळींत मोडलेला दिसेल, पण मध्यें समाप्तीचें चिन्ह नसेल तर संगणकाच्या लेखीं ती एकच ओळ. उलट दोन चिन्हें लागोपाठ आलीं, तर त्यांच्यामध्यें एकही अक्षर नसतांना एक पुरी ओळ झाली. ती रिकामी आहे एवढेंच.

आतां प्रवाह म्हणजे काय तें पाहूं. नभोवाणीच्या श्रोत्यांना तें समजाविणें फारसें कठीण नाहीं. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून या शहराचे लोक प्रवाह ऐकतच आलेले आहेत. हे माझे शब्द आपणांकडे एकामागून एक, माझ्या गतीनें येत आहेत. मागचा शब्द पुन्हां ऐकण्याची सोय नाहीं, पुढचा अगोदर ऐकण्याचीही नाहीं, आणि भाषण किती उरलें आहे हें आपणांस ठाऊक नाहीं. हेंच भाषण मासिकांत छापून आलें म्हणजे आपण पानें मागेंपुढें उलटूं शकाल. शेवटचें वाक्य प्रथम वाचूं शकाल. तो प्रवाह नव्हे. तें पान झालें. कळफलकावरून येणारीं अक्षरें, दूरच्या संगणकाकडून तारेवाटें येणारा मजकूर, एका आज्ञावलीनें दुसरीच्या हवालीं केलेलें उत्तर, हे सर्व प्रवाह आहेत. संगणकांत साठविलेली फाइल वस्तुतः पानासारखी उलटतां येते, तथापि तीही बहुधा प्रवाह म्हणूनच वाचली जाते, कारण तसें वाचण्यास जागा फार थोडी लागते.

शाळेंत श्रुतलेखन घालतांना मला याचा अनुभव रोजच येत असे. गुरुजी बोलत आहेत आणि मुलें लिहीत आहेत. परिच्छेद कोठें तोडावयाचा हें मुलांना आवाजावरून कळत नाहीं. "नवी ओळ" असें गुरुजींना बोलून सांगावें लागतें. एखादा हुषार विद्यार्थी "नवी ओळ" हे शब्दच वहींत लिहून ठेवतो! ओळ-समाप्तीचें चिन्ह हा मजकुराचा भाग कीं मजकुराबद्दलची सूचना, हा प्रश्न संगणकाच्या जाणत्यांनाही सतावतो. कांहीं भाषांत वाचलेल्या ओळीबरोबर तें चिन्ह आपल्या हातीं येतें, कांहींत तें आधींच काढून टाकलेलें असतें. आणि एका भाषेंतून दुसरींत जाणारा विद्यार्थी तेथेंच ठेंचाळतो.

हें चिन्ह आलें कोठून ? तें आलें तारयंत्रांतून. आपल्यापैकीं पुष्कळांना फोर्टमधील मध्यवर्ती तारघर आठवत असेल. देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली. परंतु तारयंत्रानें लावून दिलेली एक संवय आपल्या खिशांतील दूरध्वनीयंत्रांत अजून जिवंत आहे. जुनीं मुद्रक-तारयंत्रें, ज्यांना टेलिप्रिंटर म्हणत, तीं अरुंद कागदी फितीवर भोंकें पाडून संदेश धाडीत. एका अक्षराला आडव्या रांगेंत पांच जागा. प्रत्येक जागीं भोंक असेल किंवा नसेल. म्हणजे एकंदर बत्तीस खुणा. डोनाल्ड मरे या गृहस्थानें १९०१ च्या सुमारास या खुणांची जी मांडणी केली, तींत दोन खुणा अक्षरांच्या नव्हत्या, हालचालींच्या होत्या. एक, कॅरेज डाव्या कडेला परत नेण्याची; दुसरी, कागद एक ओळ वर सरकविण्याची. टंकलेखनयंत्र चालविणारा माणूस एकाच दांड्याच्या हिसक्यानें या दोन्ही गोष्टी करतो, म्हणून त्या दोन आहेत हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं. यंत्राला मात्र दोन निराळ्या आज्ञा द्याव्या लागत.

याला एक व्यावहारिक कारणही होतें. १९६३ सालीं अमेरिकेंत अक्षरांना क्रमांक देण्याची जी पद्धति ठरली, आणि जिला आस्की म्हणतात, तींत कॅरेज परत नेण्याच्या खुणेला १३ आणि कागद सरकविण्याच्या खुणेला १० हा क्रमांक मिळाला. त्या काळचें टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरें छापी. उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत परत यावयास त्याला एका अक्षराच्या वेळेहून अधिक वेळ लागे. तेव्हां आधीं १३ धाडावयाचा, मग १०. कागद सरके तोंपर्यंत प्रवासाला थोडी सवड मिळे. हा केवळ लोखंडी यंत्राच्या मंदगतीचा प्रश्न होता. यंत्र भंगारांत गेलें, पण खुणा राहिल्या.

पुढें घराघराची चाल निराळी झाली. १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ज्या युनिक्स पद्धतीचा आरंभ झाला तिनें एकट्या १० या खुणेवर काम भागविलें. १९८१ च्या डॉस पद्धतीनें १३ आणि १० या दोन्ही ठेविल्या, व विंडोजनें तोच वारसा चालविला. अॅपलच्या जुन्या यंत्रांत केवळ १३ ही खूण होती. २००१ पासून नव्या पद्धतींत त्यांनींही १० पत्करली. आतां समजा, विंडोजच्या यंत्रावर केलेली नांवांची यादी युनिक्सच्या चालीनें वाढलेल्या यंत्रावर वाचली. तें यंत्र १० पाहून ओळ तोडतें आणि १३ ला मजकुराचें शेवटचें अक्षर समजतें. हें अक्षर दिसत नाहीं, उच्चारतां येत नाहीं, पण असतें. मग "पाटील" आणि ज्याच्या शेपटीला अदृश्य १३ चिकटला आहे असा "पाटील" हीं दोन भिन्न नांवें ठरतात, आणि दोन्ही याद्या पडद्यावर शेजारीं शेजारीं ठेवल्या तरी फरक दिसत नाहीं. नव्या आज्ञावलीकारांचे कित्येक तास या एका भुताच्या पाठीमागें जातात.

मुंबईंतच तयार झालेल्या पहिल्या संगणकाची या संदर्भांत आठवण करणें उचित होईल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत श्री. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं लहान नमुनायंत्र १९५६ मध्यें चालूं झालें, आणि 'टिफ्रॅक' हें पूर्ण यंत्र १९६० मध्यें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. पोलादी सांगाडा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच. एवढ्या देहाची स्मरणशक्ति किती ? चाळीस-चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या मापानें हे १०,२४० बाइट झाले. देवनागरींतील एका चिन्हाला आज जे तीन बाइट लागतात त्या हिशेबानें त्यांत ३,४१३ चिन्हें मावतील. माझें हें भाषणसुद्धां त्यांत बसणार नाहीं. सगळा मजकूर एकदम पोटांत घ्यावयाचा आणि मग विचार करावयाचा, ही चैन त्या काळीं कोणालाच परवडणारी नव्हती. थोडें घ्यावें, त्याचें काम उरकावें, टाकून द्यावें, पुढचें घ्यावें. प्रवाह वाचण्याची पद्धत अशी गरिबींतून जन्मली. संपन्नतेंतही ती टिकली, कारण माहितीचे ढीग स्मरणशक्तीच्या पुढेंच धांवत राहिले.

१९६४ मध्यें त्याच संस्थेंत सी.डी.सी. ३६०० हें परदेशी यंत्र आलें. त्या पिढीचीं यंत्रें भोंकें पाडलेलीं पुठ्ठ्याचीं कार्डें वाचीत. एका कार्डावर ऐंशी अक्षरें, आणि एक कार्ड म्हणजे एक ओळ. येथें समाप्तीच्या खुणेची गरजच नाहीं, कार्डाची कड हीच समाप्ति. नक्षीचें कापड विणणारा जॅकार्डचा माग ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें नवें वाटणार नाहीं. लालबाग-परळ हा कापडगिरण्यांचा मुलूख. विणकामाची भाषा तेथें सर्वांना समजे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्यें निघालेल्या या मागांत धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड असें प्रमाण असतें. कोणते उभे धागे उचलावयाचे हें कार्डावरील भोंकें सांगतात, आणि कार्ड बदललें कीं कापडांत पुढचा आडवा धागा. कार्डाचा तोटा असा कीं "शीव" एवढेंच लिहावयाचें असलें तरी ऐंशी जागा खर्ची पडतात, आणि एक्याऐंशीवें अक्षर दुसऱ्या कार्डावर टाकावें लागतें. चिन्हानें संपणारी ओळ पाहिजे तेवढी आंखूड किंवा लांब होऊं शकते. हा मोठा लाभ. आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें मोठा धोकाही.

प्रत्यक्ष वाचन कसें चालतें तें आतां सांगतों. चाळींत राहिलेल्या मंडळींना नळाचें पाणी ठराविक वेळेला येण्याची संवय असते. नळ आला कीं आपण पिंप भरून ठेवतों आणि मग दिवसभर तांब्यानें घेतों. तहान लागेल तेव्हां तेव्हां कोणी नळावर धांवत नाहीं. संगणकही तेंच करतो. आज्ञावलीनें एक ओळ मागितली कीं पद्धति मूळ सांठ्यांतून एकदम चार-आठ हजार बाइट आणून पिंपांत ओतते. मग पिंपांतील बाइट एकेक तपासून १० सांपडेपर्यंतचा भाग ओळ म्हणून देते. पुढची ओळ मागितली कीं पिंपांतूनच. यामुळें वेग फार वाढतो. पण एकाच नळावर दोन बिऱ्हाडें असलीं आणि पहिल्यानें सगळें पाणी आपल्या पिंपांत ओढलें, तर दुसऱ्याला नळ कोरडा आढळतो. दोन आज्ञावल्या, किंवा एकाच आज्ञावलींतील दोन निराळे वाचक, एकाच प्रवाहावर सोडले असतां हेंच घडतें, आणि मधल्या ओळी कोठें गेल्या याचा शोध लागत नाहीं. एका प्रवाहाला एकच वाचक असावा.

कळफलकाचा प्रवाह थोडा निराळा. आपण अक्षरें दाबीत असतां तीं पडद्यावर उमटतात, पण साधारणतः आज्ञावलीला त्यांतलें एकही मिळालेलें नसतें. चुकलें तें पुसून पुन्हां लिहितां येतें तें याच कारणामुळें. एंटरची कळ दाबतांच सगळी ओळ एकदम सुपूर्त होते. पाकीट पेटींत पडल्यासारखें; तोंपर्यंत पत्र आपलें.

ओळ किती लांब असेल हें वाचणाऱ्याला आधीं कळत नाहीं, असें मीं वर म्हटलें. सी नांवाच्या भाषेंत 'गेट्स' अशी एक आज्ञा होती. ती ओळ वाचून आपण दिलेल्या भांड्यांत ओती, पण भांडें केवढें आहे हें विचारीतच नसे. ओळ मोठी आली कीं मजकूर भांड्याबाहेर सांडे आणि शेजारच्या जागेंत ठेवलेल्या गोष्टींवर पडे. पाणी सांडलें तर जमीन ओली होईल. येथें सांडलेल्या बाइटांना संगणक आज्ञा समजून त्यांचें पालन करूं शकतो, ही खरी आपत्ति. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली हजारों संगणकांत शिरली. तिच्या शिरण्याच्या वाटांपैकीं एक हीच होती: ५१२ बाइटांचें भांडें घेऊन बसलेला एक वाचक, आणि त्याला मुद्दाम धाडलेली त्याहून लांब ओळ. अखेर २०११ च्या सी-भाषेच्या नियमांतून 'गेट्स' काढून टाकण्यांत आली. तिच्या बहिणीला, 'एफ्-गेट्स'ला, भांड्याचें माप सांगावें लागतें; माप भरलें कीं ती थांबते. मात्र ती थांबली म्हणजे ओळ संपली असें नव्हे! हातीं आलेल्या तुकड्याच्या शेवटीं समाप्तीची खूण आहे कीं नाहीं हें पाहावें, नसेल तर उरलेली ओळ अजून प्रवाहांत आहे असें समजावें. पायथॉनसारख्या अलीकडच्या भाषांत भांडें आपोआप वाढतें आणि विद्यार्थ्याला या चिंतेची गंधवार्ताही नसते.

ओळीच्या अंताहून प्रवाहाचा अंत अधिक फसवा. बोलतां बोलतां मी क्षणभर थांबलों, तर ती स्तब्धता. केंद्रच बंद झालें, तर तीही स्तब्धताच. ऐकणाऱ्यानें भेद कसा ओळखावा ? पायथॉननें याचें उत्तर नामी दिलें आहे. रिकामी ओळ आली तर वाचणाऱ्याच्या हातीं निदान समाप्तीची खूण पडते. प्रवाह संपला असेल तर कांहींच पडत नाहीं. रिकाम्या पाकिटांत आणि पाकीटच न येण्यांत जो फरक, तोच हा.

आणखी एक गोष्ट. प्रवाह संपला आहे हें वाचण्याचा प्रयत्न करून हात रिकामा आल्यावरच कळतें, आधीं नाहीं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदरहून दादरला गेली. त्या आधींच्या काळीं रोज रात्रीं थांब्यावर उभ्या राहणाऱ्या उतारूची जी स्थिति होई ती वडीलधाऱ्या माणसांकडून मीं ऐकली आहे. आत्तांच गेली ती शेवटची होती काय, हें त्या गाडीच्या पाठीवर लिहिलेलें नसे. वाट पाहावी, आणि गाडी न आली म्हणजे चालूं लागावें. सी शिकणारीं मुलें आधीं "प्रवाह संपला काय ?" असें विचारतात, "नाहीं" असें उत्तर मिळतें, मग तीं वाचावयास जातात तों कांहींच मिळत नाहीं. पण उत्तरावर विश्वास ठेवून तीं पुढें चालतात, आणि भांड्यांत राहिलेली जुनीच ओळ दुसऱ्यांदा हिशेबांत धरतात. अशा आज्ञावलीनें काढलेल्या यादींत शेवटचा माणूस दोनदां येतो. आधीं वाचावें, मग हातीं काय आलें तें पाहून ठरवावें, हा क्रम कधीं सोडूं नये.

शेवटचा माणूस दोनदां येणें हें निदान विनोदी आहे. तो मुळींच न येणें फार वाईट. गिरगांवांतील एका जुन्या चाळीच्या पुनर्बांधणीच्या वेळीं घडलेला प्रकार मला जवळून ठाऊक आहे. भाडेकरूंची यादी चाळींतल्याच एका निवृत्त कारकुनांनीं मोठ्या काळजीनें संगणकावर उतरवून दिली होती. दर ओळींत खोलीचा क्रमांक आणि नांव. तिच्यावरून प्रत्येकाच्या नांवाचें संमतिपत्र छापावयाचें काम चाळींतल्या एका तरुणानें आपल्या आज्ञावलीकडून करून घेतलें. पत्रें निघालीं १४७. पडताळा पाहावा म्हणून त्यानें ओळी मोजण्याची तयार आज्ञाही चालविली. तिनेंही १४७ च सांगितल्या. दोन साक्षी जुळल्या! पत्रें वांटलीं गेलीं, आणि दुसऱ्या दिवशीं वरच्या मजल्यावरील अगदीं शेवटच्या खोलींतल्या एक वृद्ध बाई खालीं येऊन विचारूं लागल्या, "माझा कागद कुठं आहे हो ?" नवरा गिरणींत होता तेव्हांपासून त्या त्या खोलींत राहात होत्या. ज्याचा कागद नाहीं त्याची खोली नाहीं, अशी भीति अशा वेळीं सर्वांच्याच मनांत असते. बाईंचा आवाज कांपत होता. यादी उघडून पाहावी तों त्यांचें नांव तिच्यांत स्पष्ट दिसत होतें. कारकुनांनीं बोट लावून ओळी मोजल्या. त्या १४८ भरल्या.

झालें होतें तें असें. शेवटचें नांव लिहून झाल्यावर कारकुनांनीं एंटर दाबली नव्हती. कागदावर लिहिणारा माणूस शेवटच्या ओळीखालीं आणखी एक रिकामी ओळ कशाला सोडील ? युनिक्सच्या घराण्यांतील नियम मात्र असा कीं समाप्तीची खूण असेल तरच ती ओळ. तरुणाच्या आज्ञावलीला शेवटचीं अक्षरें मिळालीं खरीं, पण खूण येण्याच्या आधींच प्रवाह आटला. म्हणून वाचणाऱ्या आज्ञेनें "ओळ पुरी झाली नाहीं" असें कळविलें, आणि आज्ञावलीनें तें "आतां कांहीं उरलें नाहीं" असें समजून हातांतलें नांव टाकून दिलें. आणि मोजणारी आज्ञा ? ती ओळी मोजतच नाहीं. ती समाप्तीच्या खुणा मोजते. १४८ नांवांच्या मध्यें १४७ खुणा, हें अंकगणित आपण कुंपणाच्या खांबांच्या उदाहरणांत शाळेंत शिकलेलों आहों. दोन्ही साक्षीदार एकाच नियमानें बांधलेले असल्यामुळें त्यांची साक्ष जुळली होती. त्या जुळण्याला पुराव्याची किंमत नव्हती. तरुणानें दहा मिनिटांत दुरुस्ती केली: प्रवाह संपल्याची वर्दी आली तरी हातांत अक्षरें उरलीं असतील तर तीही ओळ समजावी. बाईंचें पत्र संध्याकाळच्या आंत त्यांच्या हातीं पडलें. त्यांनीं तें दोनदां वाचून घेतलें.

अंक आणि ओळ एकाच प्रवाहांतून वाचतांना होणारा घोटाळा त्या मानानें क्षुल्लक, पण परीक्षेच्या दिवसांत घरोघरीं रडें आणणारा. आज्ञावली प्रथम वय विचारते, मग नांव. मुलगा १६ लिहून एंटर दाबतो. आणि नांव विचारल्याबरोबर, त्यानें कांहीं लिहिण्यापूर्वींच, यंत्र रिकामें नांव घेऊन पुढें जातें. कारण अंक वाचणारी आज्ञा १६ उचलते आणि अंकामागची एंटरची खूण तशीच प्रवाहांत टाकून देते. ओळ वाचणारी आज्ञा येते, पहिल्याच पावलाला तिला ती खूण दिसते, आणि ती म्हणते, ही पाहा ओळ! जावा आणि सी++ शिकणाऱ्या मुलांना यावर सोपा उपाय असा कीं सर्व कांहीं ओळ म्हणूनच वाचावें आणि अंक त्या ओळींतून मागाहून काढावा.

राहतां राहिला आपल्या मराठीचा प्रश्न. तो मीं शेवटीं ठेविला, कारण तो मला सर्वांत मनोरंजक वाटतो. जगांतील लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड ही योजना १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली आणि तींत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. "मुंबई" या शब्दांत म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशीं पांच चिन्हें आहेत. हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या रीति मात्र एकाहून अधिक. एका रीतींत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट. त्यांतला एक, देवनागरीच्या बाबतींत, नेहमीं ९. दुसरा बाइट अक्षराप्रमाणें बदलतो. आतां गंमत पाहा. दीर्घ 'ऊ' या स्वराचे दोन बाइट येतात ९ आणि १०. आणि १० ही तर ओळ-समाप्तीची खूण! लिपीची जाणीव नसलेल्या, केवळ बाइट चाळणाऱ्या वाचकापुढें असा मजकूर ठेवला तर तो प्रत्येक 'ऊ'पाशीं ओळ तोडील. ऊस तुटेल, ऊन तुटेल, "राऊत" आडनांवाची मंडळी मधोमध चिरली जातील. ऍ या अक्षराच्या वांट्याला तर ९ आणि १३ येतात. म्हणजे कॅरेज परत नेण्याची खूण. भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. असा वाचक त्या नांवांतील पहिलाच शब्द "भा" आणि त्यापुढें एकटा, अर्थहीन ९ एवढ्यावर संपवील, आणि तोडलेल्या जागेपुढें जोड्या चुकल्यास पुढचा सगळा मजकूर अगम्य होईल.

दुसरी रीत यूटीएफ-८ या नांवाची. केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनीं ती सप्टेंबर १९९२ मध्यें आंखली. तींत देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात; "मुंबई" पंधरा बाइटांची होते. ऐंशी बाइटांच्या भांड्यांत सलग देवनागरी ओतली तर २६ चिन्हें पुरीं बसतात आणि सत्ताविसाव्याचे दोनच बाइट आंत येतात. म्हणून भांड्याच्या मापानें तोडलेला मराठी तुकडा जशाचा तसा छापूं नये. कडेला मोडकें अक्षर निघतें. परंतु या खर्चाच्या मोबदल्यांत एक मोठी निश्चिंती मिळते. आस्कीबाहेरील कोणत्याही चिन्हाचा कोणताही बाइट या रीतींत १२८ पेक्षां कमी असूं शकत नाहीं. ज्याला मराठीचें एक अक्षर येत नाहीं असा जुना, १० शोधणारा वाचकही मराठीची ओळ बरोबर तिच्या जागीं तोडतो. म्हणून मराठी यादी जतन करतांना रीत विचारली गेली, तर यूटीएफ-८ निवडावी, आणि वाचणाऱ्या आज्ञावलीलाही तेंच स्पष्ट सांगावें. त्या रीतींत 'ऊ'चे बाइट आहेत २२४, १६४ आणि १३८.